आधी काडतूस, मग नळी: शॉटगनची नळी निवडण्याचा बरोबर क्रम

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या कुणा ना कुणा मित्राचा फोन येतोच. "हरणासाठी सेलमध्ये रायफल्ड बॅरल मिळालं, घेऊन टाकलं. आता याच्यातून फेझंट मारता येतील ना?" नाही येणार, कारण रायफल्ड बॅरल म्हणजे आतून पिळाच्या खाचा कोरलेली नळी, आणि फेझंट हा छर्ऱ्यांनी मारायचा रानकोंबडीसारखा पक्षी. आणि हे त्याला नळी घ्यायच्या आधी कळायला हवं होतं. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे: लोक आधी नळी घेतात, मग तिला चालेल असं काडतूस शोधत फिरतात. खरा क्रम उलटा आहे. आधी सावज आणि अंतर, मग काडतूस, मग चोक (नळीच्या तोंडाची अरुंदी), आणि सगळ्यात शेवटी नळी.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद आहे, त्यामुळे हा लेख तिथल्या वाचकांसाठी नाही. तो अमेरिकेत हंटर एज्युकेशनचा कोर्स करून, रीतसर लायसन्स काढून पहिल्या-दुसऱ्या सीझनला निघालेल्या मराठी मंडळींसाठी आहे. उदाहरणं न्यू जर्सीच्या अंगाने दिली आहेत, कारण इथे (आणि मॅसॅच्युसेट्समध्येही) हरणासाठी रायफल चालत नाही, शॉटगन घ्यावी लागते. म्हणून नळीचा घोळही इथे जास्त होतो.

१. कागदावर तीन ओळी लिहा

दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी लिहून काढा: काय मारणार, कुठे मारणार, किती अंतरावरून मारणार.

तिसरी ओळ सगळ्यांची चुकते. "चाळीस यार्ड" असं लिहितात आणि प्रत्यक्षात कुत्र्याने उठवलेला फेझंट पंधरा-वीस यार्डांवर फडफडतो. इतक्या जवळून घट्ट चोकमधून बार गेला तर एक तर पक्षी पूर्ण चुकतो, नाहीतर खाण्यालायक उरत नाही. बदकं पाण्यावर टाकलेल्या नकली बदकांवर उतरत असतील तर २५ ते ३५ यार्ड धरा. वसंतातली टर्की बसल्या जागेवरून ३० ते ४० यार्डांत. हरीण दाट झाडीत ५० यार्डांच्या आत दिसतं, मोकळ्या शेताच्या कडेला १००च्या पुढेही.

दुसऱ्या ओळीत नियमही येतात. पाणथळ जागेत बदक किंवा गूज मारायची असेल तर शिशाचे छर्रे चालत नाहीत. हा नियम १९९१पासून अख्ख्या अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९पासून सगळ्याच शिकारीला शिसं बंद आहे. छर्ऱ्याचा कमाल आकार, बकशॉट (हरणासाठीचे जाड छर्रे) चालतो की नाही, हे राज्यागणिक बदलतं, म्हणून त्या वर्षीचं राज्याचं नियमपुस्तक उघडा. मागच्या वर्षीचं नको.

२. आहे ती नळी वाचा

बंदूक रिकामी करा. चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझीन (पुढची काडतुसं भरून ठेवायची जागा) दोन्ही डोळ्यांनी बघा, मग बोट घालूनही बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आता नळीच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला कोरलेली अक्षरं वाचा. तिथे गेज, चेंबरची लांबी आणि स्थिर चोक असेल तर त्याचं नाव सापडेल. हे नळीवर वाचायचं. खोक्यावर किंवा दुकानदाराच्या तोंडी नाही.

गेज म्हणजे आपल्याकडचं "बोअर". बारा गेजची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर, वीसची १५.६. आकडा मोठा, नळी बारीक. पॉइंट फोर-टेन एवढीच वेगळी, तिथे आकडा म्हणजे थेट इंचातला व्यास.

चेंबर पावणेतीन, तीन किंवा साडेतीन इंची असतं. इथे मोठी फसगत आहे. काडतुसाची लांबी उडाल्यानंतरची, म्हणजे तोंडाची घडी उलगडल्यावरची मोजतात. त्यामुळे तीन इंची काडतूस न उडवता पावणेतीन इंची चेंबरमध्ये अगदी छान बसतं. "बसलं म्हणजे चालतं" असं वाटतं. बार काढला की घडी उलगडायला जागा उरत नाही, तोंड पुढच्या निमुळत्या भागात दाटतं आणि दाब वाढतो. लांब चेंबरमध्ये आखूड काडतूस चालतं, आखूड चेंबरमध्ये लांब कधीच नाही.

> सावधान: वीस गेजचं काडतूस बारा गेजच्या नळीत घसरून चेंबरच्या पुढे अडकतं. नळी रिकामी दिसते, मागून बाराचं काडतूस भरलं जातं आणि नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी करण्यामागे हेच कारण आहे. दोन्ही गेज घरात असतील तर जाकिटाच्या एका खिशात कधीही दोन्ही ठेवू नका. बाहेर पडताना खिसे उलटे करून बघा.

जुन्या इंग्लिश दुनळ्यांबद्दल एक वाक्य. कुणी वारशाने आलेली किंवा लिलावात घेतलेली बंदूक दाखवतं तेव्हा तिचं चेंबर पुष्कळदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं निघतं. तिच्यात आजची पावणेतीन इंची काडतुसं नकोत आणि पोलादी छर्रे तर नकोतच. बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय तिचा बार काढू नये.

३. काडतूस ठरवा

छर्ऱ्याचा नंबरही उलटा चालतो: नंबर लहान, छर्रा मोठा. अमेरिकी नंबर लक्षात ठेवायची सोपी युक्ती: १७ मधून नंबर वजा करा, उत्तर इंचाच्या शंभराव्या भागात. सहा नंबर म्हणजे १७ उणे ६, ११, म्हणजे ०.११ इंच. साडेसात नंबर ०.०९५ इंच. मात्र ब्रिटिश काडतुसांचे नंबर वेगळे आहेत. तिकडचा पाच म्हणजे इकडचा साधारण सहा. खोक्यावर मिलिमीटर दिले असतील तर त्यांवरच विसंबा.

शिसं वापरता येत असेल तर फेझंटला पाच किंवा सहा नंबर, सशाला सहा, बटेरासारख्या लहान पक्ष्याला साडेसात किंवा आठ.

पोलादाचा हिशेब निराळा. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८ च्या आसपास. तेवढ्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका, म्हणून लवकर दम तोडतो. त्यामुळे शिशात जो नंबर वापरला असता त्याहून दोन नंबरांनी मोठा छर्रा घ्या: चारच्या जागी दोन. बदकांना दोन ते चार नंबर, कॅनडा गूजला बीबी नावाचा आणखी मोठा छर्रा किंवा त्याच्या जवळपास. बिस्मथ साधारण ९.६ घनतेचं, शिशाहून थोडं हलकं पण पोलादाइतकं कडक नाही. महाग आहे, पण जुनी चांगली बंदूक बदकांवर वापरायची असेल तर त्याचा विचार होऊ शकतो. टंगस्टनचे छर्रे शिशाहूनही जड, किंमतही तशीच.

हरणासाठी बकशॉट किंवा स्लग, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी. डबल-ऑट बकशॉटचा प्रत्येक दाणा ०.३३ इंचाचा, पावणेतीन इंची साध्या काडतुसात नऊ दाणे. माझं मत विचाराल तर नियमात बसत असूनही नवख्याने बकशॉटच्या नादी लागू नये. नऊ दाण्यांतले दोन लागून जखमी झालेलं हरीण अंधार पडेपर्यंत शोधत फिरणं फार वाईट. एक स्लग, एक जागा, एक बार.

> तपासणी: नळीवरचं गेज आणि चेंबर, काडतुसाच्या खोक्यावरचं गेज आणि लांबी, चारही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. मनात जुळवू नका.

४. चोक

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली किंचित अरुंदी. बारा गेजमध्ये सिलिंडर म्हणजे शून्य, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर इंचाच्या हजार भागांतले दहा (०.०१० इंच), मॉडिफाइड वीस, फुल पस्तीस ते चाळीस. इतक्याशा फरकाने ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात किती छर्रे पडतात ते ठरतं: शिशाचे साधारण ४०, ५०, ६० आणि ७० टक्के, याच क्रमाने.

जवळच्या फेझंटला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. उशिराच्या सीझनला लांबून उठणाऱ्या पक्ष्यांना मॉडिफाइड. टर्कीला फुल किंवा खास टर्कीचा अति-घट्ट चोक, कारण तिथे डोकं-मान एवढंच लक्ष्य असतं.

पोलाद इथेही वेगळं वागतं. शिशाचे छर्रे चोकमधून जाताना दबून वेडेवाकडे होतात आणि पसरतात. पोलादाचे दबत नाहीत, म्हणून घट्ट जातात. मॉडिफाइड चोकमधून पोलाद जवळपास शिशाच्या फुलसारखं पडतं. बदकांना पोलाद घालून फुल चोक लावणारा माणूस स्वतःच्या हाताने अवघड करून घेतो. वर मोठे पोलादी छर्रे घट्ट चोकमध्ये दाटले तर चोक फुगतो, नळीच्या तोंडाशी कडी उमटते. चोकवर पोलाद चालत नसल्याचं कोरलेलं असेल तर ते ऐका. टर्कीच्या बऱ्याच चोकांवर ते असतं.

सुटे चोक वेगवेगळ्या नावांच्या आट्यांत येतात आणि सगळे सगळ्यांना बसत नाहीत. रेमिंग्टन कंपनीचा रेम-चोक मॉसबर्ग कंपनीच्या ५०० मॉडेलला जात नाही. ब्राउनिंगचे इनव्हेक्टर आणि इनव्हेक्टर-प्लस नावाने भाऊ, पण अदलाबदल होत नाहीत. दोन-तीन फेरे फिरला म्हणून जोर लावून बसवू नका, आटे खराब होतील. बेरेटा-बेनेलीच्या चोकांच्या कडेला खाचा असतात: एक खाच फुल, पाच खाचा सिलिंडर. खाचा कमी, चोक घट्ट. चोक नळीत बसलेला असतानाही हे दिसतं.

> सावधान: सुट्या चोकची नळी चोक न लावता कधीही उडवू नका. उघडे आटे पहिल्याच बारात खराब होऊ शकतात. बार काढत असताना चोक सैल होतो, म्हणून दर दहा-पंधरा बारांनी बंदूक रिकामी करून हाताने घट्ट करा.

५. गुळगुळीत नळी की रायफल्ड

स्लगची दोन कुळं आहेत आणि नावांनी सगळा गोंधळ केला आहे.

पहिलं कूळ फॉस्टर पद्धतीच्या स्लगचं. अमेरिकेत त्याला "रायफल्ड स्लग" म्हणतात, कारण त्याच्या अंगावर तिरप्या कडा असतात. नाव ऐकून माणूस म्हणतो, रायफल्ड स्लग म्हणजे रायफल्ड नळीसाठी. नेमकं उलट. हा स्लग गुळगुळीत नळीसाठी आहे. त्या कडा त्याला फारसा फिरवत नाहीत. चोकमधून जाताना शिसं दाबलं जायला जागा मिळावी म्हणून त्या आहेत. त्याचं नाक जड आणि मागचा भाग पोकळ, म्हणून तो सरळ उडतो. चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. घट्ट चोकमधून तो पाठवू नका. हाच स्लग रायफल्ड नळीतून मारला तर खाचांत शिसं भरतं आणि नेम हळूहळू बिघडत जातो.

दुसरं कूळ सॅबो स्लगचं. यात नळीपेक्षा बारीक गोळी प्लास्टिकच्या वाटीत बसवलेली असते. ती वाटी रायफल्ड नळीच्या खाचांत धरली जाते, फिरते, आणि बाहेर पडल्यावर गळून जाते. गोळीला तो पीळ मिळाला नाही तर ती हवेत डगमगते. गुळगुळीत नळीतून सॅबो मारणं म्हणजे महागाचं काडतूस वाया घालवणं. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. पाच सॅबो, ५० यार्ड, आणि कागदावर ताटाएवढ्या जागेत पाच भोकं. बंदुकीला शिव्या घातल्या. चूक काडतुसाच्या निवडीची होती, म्हणजे माझी.

मग कुणी काय घ्यावं?

झाडीत ५०-६० यार्डांपलीकडे बार काढणार नसाल, तर रायफल्ड नळीवर पैसे घालू नका. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक, फॉस्टर स्लग, आणि नळीवर तोंडाशी नेम धरायच्या एका मण्याऐवजी मागे-पुढे दोन साइट असतील तर उत्तम. नुसत्या मण्यावर गाल जरा वर-खाली झाला तरी स्लग फूटभर सरकतो. पक्ष्यांवर ते छर्ऱ्यांच्या पसाऱ्यात लपतं, स्लगवर लपत नाही.

१०० यार्डांपर्यंत खात्रीचा बार हवा असेल तर पूर्ण रायफल्ड नळी आणि सॅबो. अशा नळ्यांची लांबी बहुधा २० ते २४ इंच असते. दुर्बीण लावायची असेल तर कँटिलिव्हर पट्टी (दुर्बीण बसवायची मागे आलेली पट्टी) नळीलाच जोडलेली असलेली नळी घ्या, कारण मग नळी काढून परत बसवली तरी दुर्बीण आणि नळी एकमेकांपासून हलत नाहीत.

रायफल्ड चोक ही मधली वाट. गुळगुळीत नळीच्या तोंडाशी दोन-तीन इंच पीळ. जुगाड म्हणून चालतो, कधी बरा पडतो, कधी नाही. कागदावर बघितल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका.

आता त्या फोनवाल्या मित्राचं उत्तर. रायफल्ड नळीतून छर्रे मारले तर पीळ त्यांना बाहेर फेकतो आणि मधे भोक राहून कडं तयार होतं, मेदूवड्यासारखं. फेझंट त्या भोकातून सुखरूप निघून जातो. पक्षी आणि हरीण दोन्ही करायचे असतील तर एका बंदुकीला दोन नळ्या हेच स्वस्तातलं उत्तर आहे.

६. नळी बंदुकीला बसते का

"बारा गेज पंप" (पंप म्हणजे हाताने मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक) एवढं सांगून नळी मागवू नका. मॉडेल, गेज, चेंबर आणि मॅगझीन ट्यूबची लांबी, चारही हवं. मॉसबर्ग ५०० ची नळी ५९० ला बसत नाही आणि ५०० मध्येही वेगवेगळ्या लांबीच्या मॅगझीनना वेगळी नळी लागते. मॉसबर्ग ८३५ ची गुळगुळीत नळी आतून जास्त रुंद केलेली असते आणि तिच्यातून स्लग मारू नये असं कंपनीच सांगते. ८३५ वाल्याने हरणासाठी तिची रायफल्ड नळीच घ्यावी. वापरलेली बंदूक घेणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

पावणेतीन इंचाच्या बंदुकीवर तीन इंची नळी चढते म्हणून बंदूक तीन इंची होत नाही. काडतूस बाहेर फेकायची खिडकी तेवढीच राहते. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोत (उडालेल्या काडतुसाच्या गॅसने पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या बंदुकीत) तर गॅसची छिद्रं नळीतच असतात, त्यामुळे मॅग्नम (जोरदार काडतुसांसाठीच्या) नळीवर हलकी काडतुसं पुढचं काडतूस चढवत नाहीत.

लांबीबद्दल वाद फार आणि फरक थोडा. छर्ऱ्यांचा पसारा चोक ठरवतो, लांबी नाही. लांब नळी हात सफाईने फिरवायला मदत करते, आखूड नळी झाडीत अडकत नाही. फेझंटला २६ किंवा २८ इंच, बदकांना २८ किंवा ३०, टर्कीला २१ ते २४.

> सावधान: लांब नळी कापून आखूड करू नका. १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन नोंदणीशिवाय बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. शिवाय कापलेल्या तोंडाचा चोकही जातो.

७. कागदावर सिद्ध करा

ही पायरी दहातले आठ जण गाळतात आणि वर सांगितलेलं सगळं वाया जातं. टक्के छापील आहेत. तुमची नळी, तुमचा चोक आणि तुमचं काडतूस मिळून काय करतात ते फक्त कागद सांगतो.

छर्ऱ्यांसाठी: निदान चार फूट रुंद कागद, मधे एक ठिपका. सीझनला ज्या अंतरावरून बार काढणार तिथून, आणि तुलनेसाठी ४० यार्डांवरून. एका कागदावर एकच बार. तीन तरी कागद. मग ठिपक्याभोवती नाही, जिथे छर्रे सगळ्यात दाट पडलेत तिथे मध्य धरून ३० इंची वर्तुळ काढा आणि मोजा. शिशाचे पाच नंबर औंसात साधारण १७० बसतात. सव्वा औंसाच्या काडतुसात २१२. वर्तुळात १२८ भोकं म्हणजे ६० टक्के, म्हणजे मॉडिफाइड. नळीवर काहीही लिहिलेलं असो, कागदावर पडलं ते खरं. वर्तुळात पक्षी मावेल एवढ्या रिकाम्या जागा दिसतात का तेही बघा. मग तेच काडतूस दुसऱ्या चोकमधून. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

टर्कीसाठी वर्तुळ नाही, डोकं-मानेचं चित्र लावा. २०, ३०, ४० यार्ड. ज्या अंतरावर डोक्या-मानेत पुरेसे छर्रे पडेनासे होतात ती तुमची हद्द.

स्लगसाठी: टेबलावर, पुढे-मागे आधार घेऊन, २५ यार्डांपासून सुरुवात. तिथे कागदावर आलात की ५०, मग रायफल्ड नळी असेल तर १००. तीन-तीन बारांचे गट, मधे नळी निवू द्या. दोन-तीन कंपन्यांचे स्लग घेऊन या, कारण एकाच नळीला एक आवडतो आणि दुसरा अजिबात नाही. आवडला त्याची अख्ख्या सीझनची खोकी एकदमच घ्या. एका कुळातून दुसऱ्यात जाताना नळी साफ करा.

> सावधान: स्लग अर्ध्या मैलापलीकडे जाऊ शकतो. मातीचा भक्कम बंधारा मागे नसेल तर बार नाही. छर्ऱ्यांच्या रेंजवर स्लग चालतो का ते आधी विचारा.
>
> बार काढल्यावर आवाज फुसका आला, धक्का लागला नाही, तर थांबा. वॉड (काडतुसातली छर्ऱ्यांमागची प्लास्टिकची वाटी) नळीत अडकला असेल. नळी मोकळी दिसेपर्यंत पुढचं काडतूस घालू नका.

८. सीझनच्या सकाळी

न्यू जर्सीत डिसेंबरचा सहा दिवसांचा सीझन पहाटे अंधारात सुरू होतो आणि अंधारातच चोक चुकतात. आदल्या रात्री बंदूक रिकामी असताना चोक बघा, खाचा मोजा, नळी मागच्या बाजूने उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. कागदावर जे काडतूस पास झालं तेच, त्याच खोक्यातलं, जाकिटात ठेवा. बदकांना निघाला असाल तर कप्प्यात मागच्या आठवड्याच्या फेझंटची शिशाची काडतुसं राहिलेली नाहीत ना ते चाचपा. जवळ सापडली तरी दंड होतो. पक्ष्यांच्या सीझनला मॅगझीनमध्ये प्लग (जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून घातलेली दांडी) आहे का, एकूण तीनच काडतुसं मावतात का, तेही नकली काडतुसं घालून बघा.

रानात पडलात, नळीचं तोंड चिखलात किंवा बर्फात टेकलं, तर तिथेच बंदूक रिकामी करून नळी बघा. नळी साफ करायचा गज मोटारीत राहिला असेल तर मोटारीपर्यंत चालत जा.